सरांचा खर्रा आणि कंट्रोलची अंडी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी कॅन्सरच्या संशोधनाकडे वळले ती माझ्या आत्याचं तोंड उघडत नाही म्हणून नव्हे. आत्याचं तोंड उघडत नाही हे खरंच आहे. वर्षानुवर्षं खर्रा खाऊन तिच्या गालांची आतली कातडी ताठ झाली आहे, आणि भात अगदी मऊ करून, वरणात कालवून फटीतून आत सरकवावा लागतो. पण सावली तालुक्यातल्या कुठल्याही गावात जा, अशी आत्या घरोघरी सापडेल, आणि त्या सगळ्यांच्या भाच्या काही शास्त्रज्ञ झालेल्या नाहीत. मी या कामाला लागले कारण बीएस्सीला असताना एकदा कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून आत पाहिलं आणि मला ते भयंकर आवडलं. आवडलं म्हणून एखादं काम करायचा हक्क फक्त शहरातल्या पोरापोरींना असतो, असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

हे एवढं तावातावाने सांगायचं कारण, माझ्याकडून सगळ्यांना आत्याचीच गोष्ट हवी असते. ट्रेनिंगच्या निवडीला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोच. ‘तुमच्या भागात तोंडाचा कॅन्सर खूप आहे ना? घरात कोणाला झालाय का?’ मी म्हटलं, गर्भाच्या रक्तवाहिन्यांना फांद्या कशा फुटतात ते मला पाहायचंय. विचारणाऱ्यांचा चेहरा जरा पडला. डोळ्यांत पाणी आणायला मी गेलेच नव्हते, त्याला मी काय करणार?

ट्रेनिंग असं होतं. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेने नव्याने संशोधनात शिरणाऱ्यांसाठी काही लहान कॉलेजं निवडली होती, त्यात आमचं चंद्रपूरचं एक. विषय दोन, कॅन्सर आणि गर्भाची वाढ. लोकांना ही जोडी विचित्र वाटते, पण ती तशी नाही. गर्भात पेशी भराभर वाढतात, जागा सोडून सरकतात, स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेतात. कॅन्सरच्या गाठीतही हेच सगळं चालतं, फक्त थांबायचं कधी हे तिला कळत नाही. आम्ही वर्षभर आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच गाईडच्या हाताखाली एक छोटा प्रकल्प करायचा, संस्थेच्या एक मॅडम अधूनमधून येऊन शिकवणार, आणि शेवटी परीक्षकांपुढे काम मांडायचं. ज्याचं काम टिकेल त्याला पुढची दोन वर्षं त्या संस्थेत जागा. मला ती जागा हवी होती. सणाच्या दिवशी पोरं कढईकडे बघतात तशी हावरटासारखी हवी होती, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आमच्या लॅबमधून दोघे होतो, आणि प्रकल्प दोघांत मिळून एकच. मी, आणि वरोऱ्याकडचा एक मुलगा. त्याला सगळे वरोरावाला म्हणत आणि मला सावलीवाली. गाईड म्हणजे आमचे सर, कोरपन्याकडच्या कापूसवाल्या घरातले. माणूस हुशार, शिकवण्यात तर वाघ. मायक्रोस्कोपखाली काय बघायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकले, आणि हे मी कधी नाकारणार नाही. पण सरांच्या गालात सकाळपासून संध्याकाळपर्यंत खर्रा असे.

खर्रा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, आणि त्या ओलसर, पिवळट चुऱ्याची चिमूट गालात धरतात. त्यावर बंदी आहे, पण ती कागदावर. कोणी भेटलं की पन्नी उघडून पुढे करायची ही आमची रीत. नाही म्हटलं की समोरचा दुखावतो. ‘आमचा खर्रा चालत नाई का तुमाले?’ असं ऐकावं लागतं. सर दरवर्षी तंबाखूविरोधी दिवसाला शाळेतल्या मुलांपुढे भाषण करत, चित्रं दाखवत, आणि पायऱ्या उतरल्या उतरल्या हात पुढे करत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हात पुढे करणं ही सरांची खूण होती. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, फक्त तळहात पसरायचा. जो ज्युनिअर असेल त्याने त्यावर खर्रा ठेवायचा. पानठेल्यावर घोटलेला खर्रा सरांना जाड वाटे, म्हणून ज्युनिअरने तो आपल्या तळहातावर अंगठ्याने आणखी बारीक करून द्यायचा. पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, ‘सावलीवाली, चौकातून एक खर्रा घेऊन ये.’ मी म्हटलं, ‘सर, अंडी आणायला सांगा, आणते. खर्रा नाही आणणार.’ मग वरोरावाला उठला आणि मुकाट्याने चौकात गेला. त्या दिवसापासून ते काम त्याचं झालं, आणि तोही खायला लागला.

आता गंमत अशी की प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा मीच खर्रा मागितला. सरांचं म्हणणं होतं, सुपारीतलं एकच शुद्ध रसायन बाटलीत मिळतं, ते मागवू, त्याचे थेंब अंड्यातल्या गर्भावर टाकू आणि काय होतं ते पाहू. स्वच्छ काम, कोणी बोट ठेवणार नाही. मी म्हटलं, बाटलीतलं रसायन कोण खातं? सावलीत कोणी खात नाही, वरोऱ्यात कोणी खात नाही. लोक खातात तो खर्राच पाण्यात उकळू, गाळू आणि त्याचेच थेंब टाकू. सर म्हणाले, ‘पोरी, खर्रा दर ठेल्यावर वेगळा. त्याले स्टँडर्ड कसं करशील?’ मी म्हटलं, एकच ठेला, एकच घोटणारा, एकाच दिवशीचा माल. आम्ही दोघंही हट्टी, आठवडाभर भांडलो. शेवटी सर हसले आणि म्हणाले, ‘माह्यासाठी आणत नाई, अन् अंड्यासाठी आणून राह्यली! जा, कर.’ त्यांनी मोकळ्या मनाने परवानगी दिली, हे इथे सांगायलाच हवं.

ठेलेवाला मला बघून गोंधळला. ‘कोणासाठी पायजे, ताई?’

‘कोंबडीच्या पिल्लांसाठी.’

‘पिल्ले बी खाऊन राह्यले का आता?’ तो म्हणाला, आणि शेजारी उभे असलेले सगळे खोखो हसले. पुढचे कितीतरी दिवस मी दिसले की तो पिल्लांची खुशाली विचारायचा.

काम असं होतं. किराणा दुकानातली अंडी चालत नाहीत, त्यात जीव धरत नाही, म्हणून हॅचरीतून फळलेली अंडी आणायची. इन्क्युबेटरमध्ये ऊब द्यायची. गर्भ धरला की कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, थेंब टाकायचा, चिकटपट्टीने खिडकी बंद करायची आणि अंडं परत उबेत ठेवायचं. अर्ध्या अंड्यांना खर्र्याच्या पाण्याचा थेंब, अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा. ही दुसरी अर्धी म्हणजे कंट्रोल. त्यांना काही होता कामा नये. ती धडधाकट राहिली तरच पहिल्यांना जे झालं ते खर्र्याने झालं असं म्हणता येतं.

मी फार काळजी घेतली होती. खर्र्याचं पाणी मी उकळणार, म्हणजे माझ्या हाताला खर्रा लागणार, म्हणून कंट्रोलच्या अंड्यांना मी बोटसुद्धा लावायचं नाही असं ठरवलं. ती सगळी वरोरावाल्याकडे दिली. खिडकी त्याने पाडायची, थेंब त्याने टाकायचा, पट्टी त्याने लावायची. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता, कवच तडकत नसे. ही वाटणी बघून मॅडमनीही मान डोलावली होती, आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

मग मे महिना आला. चंद्रपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आमच्या लॅबची खोली इन्क्युबेटरपेक्षा गरम व्हायची. अंड्यांना ऊब द्यायची की वारा घालायचा असा प्रश्न पडे, आणि आम्ही कूलरचं तोंड त्या यंत्राकडे वळवून स्वतः घामाच्या धारा पुसत बसायचो. त्या उन्हाळ्यात आमचे कंट्रोल मरायला लागले.

खर्रा दिलेल्या गर्भांचे डोळे बारीक, शेपटी वाकडी, रक्तवाहिन्या तुटक निघाल्या. ते मला अपेक्षितच होतं. पण कंट्रोल उघडले तर त्यांच्यातही तेच. काही तर जागीच काळे पडलेले. मी उन्हाला दोष दिला, हॅचरीला दिला, मिठाच्या पाण्याला दिला. पाणी बदललं, हॅचरी बदलली, कूलर दुरुस्त केला. पावसाळा लागला, खोली थंड झाली, तरी पुन्हा तेच. मला रडू यायचं. मिठाच्या पाण्याने कोण मरतं? माझं वर्ष चाललं होतं, आणि हातात मेलेल्या अंड्यांशिवाय काही नव्हतं.

सरांनी उपाय सांगितला. अगदी मायेने सांगितला, मला बसवून, चहा मागवून. ‘हे पाय, सगळे कंट्रोल काही मेले नाईत. जे जगले ते दाखव. मेलेले मोजायचेच नाईत. अंडी खराब निघाली म्हणायचं. सगळेच असं करतात.’

मी म्हटलं, ‘सर, अंडी खराब होती की नाही ते मला माहीत नाही.’

‘कोणाले माहीत असते? झाकली मूठ सव्वा लाखाची.’

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, सर,’ मी म्हटलं. ते चहाचा कप ठेवून उठून गेले.

वरोरावाला दिवाळीनंतर कापूस वेचणीसाठी घरी गेला तेव्हा एक खेप मी एकटीने केली. सकाळी हात घासून आधी कंट्रोल मांडले, आणि खर्र्याला नंतर हात लावला. त्या खेपेचे कंट्रोल सगळे जगले. गुलाबी, टवटवीत, रक्तवाहिन्यांची जाळी पसरलेली. मी आनंदाने ओरडले, आणि लगेच वहीतल्या जुन्या नोंदी उघडल्या. कारण बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे हात.

आधीच्या खेपांच्या मेलेल्या कंट्रोलच्या कवचांचे पट्टीसकट तुकडे मी फ्रिजमध्ये ठेवले होते. त्यांवरची चिकटपट्टी सोलून मी तिची आतली, चिकट बाजू मायक्रोस्कोपखाली धरली. पट्टीवर पिवळट-तपकिरी कण चिकटले होते. जवळजवळ प्रत्येक मेलेल्या कंट्रोलच्या पट्टीवर होते. नाकाशी नेलं तर वास आला, आणि तो वास आमच्या मुलखात तान्हं पोरही ओळखेल.

रबरी हातमोजे घातले की चिकटपट्टी मोज्यालाच चिकटते, सुटत नाही. त्यात घाम. म्हणून पट्टी लावण्यापुरते वरोरावाला मोजे काढायचा. आणि त्याआधी, रोज सकाळी, त्याच बोटांनी सरांचा खर्रा बारीक केलेला असायचा. पट्टीला लागलेले कण अंड्याच्या ओलीने भिजून खाली झिरपत होते. खर्र्यापासून लांब ठेवायचं म्हणून मी कंट्रोल ज्याच्या हाती दिले, त्याच्याच हाताला खर्रा होता. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मीच घातलं होतं.

त्या आठवड्यात मी गावी गेले. सावलीच्या आमच्या घरी आत्या ओट्यावर बसून खर्रा घोटत होती. तोंड उघडत नाही तरी फटीतून चिमूट जाते. घोटून झालं, बोटं लुगड्याला पुसली, आणि तिने शेजारी रडणाऱ्या माझ्या भाच्याला मांडीवर घेऊन त्याच बोटांनी वरणभात भरवायला सुरुवात केली. मी बघतच राहिले.

‘काऊन अशी पाहून राह्यली वो?’ ती म्हणाली. तिचं बोलणं आता दातांमागून येतं.

‘हात धू, आत्या.’

‘पुसले ना मी. तुमी शिकलेले लोक भलते भेव दाखवता.’

मी उठून तिचे हात धुतले. साबणाने, नखांच्या आतून. ती मला शिव्या देत होती आणि भाचा भाताकडे बघून भोकाड पसरत होता. धुता धुता माझं ठरलं की मेलेले कंट्रोल मी टाकणार नाही. बोटांवरच्या त्या पुसटशा चुऱ्याने अंड्यातल्या गर्भाचं काय होतं हे मला पाहायलाच मिळालं नसतं, जर ते मेले नसते. त्यावरून माणसांबद्दल काहीच सिद्ध होत नाही, तेवढी अक्कल मला होती. पण प्रश्न तर होता ना, आणि मी मांडलेल्या प्रश्नापेक्षा तो मोठा होता.

परत आल्यावर मी वरोरावाल्याला पट्ट्या दाखवल्या. तो बराच वेळ मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना.

‘मले काय माहीत होतं? मी तं हात पुसून येत होतो.’

‘माहीत आहे मला. मी हे मांडणार आहे.’

‘मंग माही सीट गेली समज.’ त्याचा आवाज चिरकला. ‘तुही बी गेली. सर सोडतील का आपल्याले?’

‘तुझं नाव घेणार नाही. पण खर्रा लॅबमधलाच होता हे सांगणार.’

‘लॅबमंदी दोघंच तं खातो. मी अन् सर,’ तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला. आमचं बोलणं तिथेच थांबलं. तो चुकीचं बोलत नव्हता, आणि मला त्याची कीव येत होती, रागही येत होता. हात त्याचे होते, पण पसरलेला तळहात त्याचा नव्हता.

सरांनाही मी आधी सांगितलं. पाठीमागून वार करायचा नव्हता. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘आपलेच दात अन् आपलेच ओठ. बाहेरच्या लोकायपुढं आपल्याच लॅबची लक्तरं टांगशील?’ मी पट्ट्यांचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले. ‘मांडशील तं मी तुह्या पाठीशी उभा राहणार नाई,’ ते म्हणाले. मी म्हटलं, बरं.

परीक्षेच्या दिवशी आमच्या कॉलेजच्या सभागृहात मॅडम आणि आणखी दोन परीक्षक समोर बसले होते. सर पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, गाल फुगलेला. वरोरावाला शेवटच्या रांगेत. मी आधी खर्रा दिलेले गर्भ दाखवले, मग मेलेले कंट्रोल दाखवले, सगळेच्या सगळे. मग पट्टीवरच्या कणांचा मोठा केलेला फोटो लावला. म्हटलं, ‘आमचे कंट्रोल हे कंट्रोल नव्हते. त्यांनाही खर्रा मिळाला होता, बोटांवरून. म्हणून माझा मूळ निष्कर्ष मी आज मांडू शकत नाही. आमच्या लॅबमध्ये खर्रा खाल्ला जातो आणि घोटला जातो.’

मॅडमनी चष्मा काढला. ‘लॅबमध्ये? कामाच्या टेबलापाशी? आणि हे कोणाच्या परवानगीने?’ हे विचारताना त्यांनी माझ्याकडे नव्हे, सरांकडे पाहिलं.

सर उठले. बोलायला तोंड उघडणार इतक्यात थांबले. गाल भरलेला होता. त्यांनी एक हात वर केला, थांबा म्हणून, आणि दाराबाहेर गेले. उत्तर देण्यासाठी सरांना आधी थुंकून यावं लागलं. सगळं सभागृह खाली बघत त्या थुंकण्याचा आवाज ऐकत होतं. मला हसू आलं नाही. ज्या माणसाने मला गर्भाचं हृदय कुठे शोधायचं ते शिकवलं, त्याची ती पाठमोरी आकृती बघून लाज वाटली, आणि रागाने कान तापले.

सर परत यायच्या आत मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वरोरावाला उभा राहिला होता. ‘मॅडम, तो हात माहा होता,’ तो म्हणाला. ‘सरांसाठी मीच घोटतो. रोज. मी बी खातो.’ एवढं बोलून तो खाली बसला, आणि दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले.

सर आले. रुमालाने ओठ पुसत म्हणाले, ‘मॅडम, आमच्या भागात हे चालतेच. त्याले काही इलाज नाई.’

मॅडमनी उसासा टाकला. ‘मला कल्पना होती. अशा ठिकाणी काम करायचं म्हणजे या गोष्टी होणारच.’

त्या वाक्यावर दोघांचं एकमत झालेलं बघून माझा तोल गेला. ‘अशा ठिकाणी म्हणजे कशा, मॅडम?’ मी म्हटलं. ‘हाताचं काहीतरी अंड्यात जाणं कुठेही होतं. तुमच्याकडे खर्रा नसेल, हाताला लावायचं क्रीम असेल. आमच्याकडे इलाज नाही असं नाही, साबण चंद्रपुरातही मिळतो. आणि मेलेले कंट्रोल मी आज तुम्हाला दाखवलेत. ते लपवायचे की नाहीत हे ठिकाणावर ठरत नाही.’ माझा आवाज गरजेपेक्षा मोठा झाला होता. मॅडम चष्मा परत घालत म्हणाल्या, ‘बसा तुम्ही.’

संध्याकाळी निकाल सांगितला. काम प्रामाणिक आहे, पण पूर्ण नाही. या लॅबमधून या वर्षी कोणालाही जागा देता येणार नाही. कंट्रोल नीट करून पुढच्या वर्षी पुन्हा यावं. प्रश्न चांगला आहे, असं मॅडम जाता जाता म्हणाल्या, आणि हात पुढे करून माझा हात हातात घेतला.

निकाल योग्य होता. मी परीक्षक असते तरी हेच म्हटलं असतं. म्हणून तर जास्त लागलं. जागा गेली ती गेली. मी मोठेपणाचा आव आणणार नाही. खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि सगळ्यांना शिव्या दिल्या. सरांना, मॅडमना, वरोरावाल्याला, मेलेल्या अंड्यांनासुद्धा. लपवलं असतं तर मिळाली असती, हे मला पक्कं माहीत होतं. पण मग ती दोन वर्षं मी कोणत्या तोंडाने मायक्रोस्कोपपुढे बसले असते, तेही मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप असेल असं धरून गेले. दार उघडं होतं. वरोरावाला हॅचरीतून अंडी घेऊन आला होता आणि एकेक पुसून ट्रेमध्ये लावत होता. कोपरापर्यंत हात धुतलेले, मोजे चढवलेले, आणि चिकटपट्टीचे तुकडे आधीच कात्रीने कापून चिमट्याने काचेवर मांडून ठेवलेले, म्हणजे बोट लावायची गरजच नाही.

‘सीट नाई तं काय झालं,’ तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ‘कंट्रोल तं जगवू.’

मी ॲप्रन चढवला. आम्ही कामाला लागलो.

थोड्या वेळाने सर आले. नेहमीसारखे, नेहमीच्या वेळी, जणू काल काही झालंच नव्हतं. येऊन वरोरावाल्याच्या टेबलाशी उभे राहिले, खिडकीबाहेर बघत, आणि हात पुढे केला. तळहात पसरलेला. त्याने अंड्यावरून नजर उचलली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ‘सर, हात कामात आहेत,’ तो म्हणाला.

सरांचा हात तसाच राहिला. मागे घ्यावा की नाही हे बहुधा त्यांनाच कळेना. इतक्या वर्षांत तो हात कधी रिकामा परत गेला नव्हता. ते खिडकीबाहेर बघत उभे होते आणि त्यांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती.

मी बेसिनवरची साबणाची वडी उचलली, जाऊन त्या तळहातावर ठेवली आणि म्हटलं, ‘सर, कंट्रोल मांडतोय आम्ही. थांबणार असाल तर आधी तोंड रिकामं करा आणि हात धुवा.’